आत्यासाठी चाली

विद्यापीठाच्या संगीतरचना विभागात शिकवणाऱ्या एका बाईंना सगळे कात्री म्हणायचे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त टपालवाल्याच्या उपयोगाचं. मुलं आपली रचना घेऊन त्यांच्या खोलीत जायची आणि बाहेर यायची तेव्हा रचना निम्मी झालेली असायची. "हे कशाला? आणि हे तरी कशाला?" असं पुटपुटत बाई पेन्सिलीने आडव्या रेघा मारत सुटायच्या.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलाच्या कागदावर मात्र त्यांनी कधी रेघ मारली नव्हती. या मुलाला घरी ठोंब्या म्हणत, तेव्हा आपणही ठोंब्याच म्हणू. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी तो एक रचना लिहीत होता. पदवी तिच्यावरच मिळायची होती. कात्रीबाईंनी सुरुवातीची पानं वाचली, पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "यात चूक काहीच नाही."

"थँक्यू, मॅडम."

"थँक्यू काय? मी तक्रार करतेय. तुला काही म्हणायचंच नाहीये, मग चुकशील कुठे? गप्प बसणाऱ्या माणसाचं व्याकरण कधी चुकत नाही."

ठोंब्याने मान डोलावली आणि पानं गोळा केली. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही, पण कुठलीही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. जिना उतरताना त्याला वाटलं की वाक्य चांगलं होतं. दुःख झालंच तर संध्याकाळपर्यंत होईल, असा त्याचा अंदाज होता.

संध्याकाळी ते व्हायचं राहूनच गेलं, कारण त्या दिवशी आत्या कोसळली.

आत्या ठोंब्याच्या वडिलांची थोरली बहीण. ठोंब्याचे आईवडील दुसऱ्या गावी राहायचे. विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हापासून तो आत्याकडेच होता. आत्याने लग्न केलं नव्हतं आणि त्याचं कारण विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. अर्ध्या शहराला तिने गाडी शिकवली होती आणि तेवढ्याच लोकांचा पाणउतारा केला होता. शेजारच्या सीटवर बसून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शिकणाऱ्याला समोरच्या ट्रकपेक्षा तिचीच धास्ती जास्त. "आरसा शोभेला लावलाय का? बघा त्यात! स्वतःकडे नाही, मागे बघा!"

भाच्याच्या शिक्षणाबद्दल तिचं मत थोडक्यात असं होतं:

"म्हणजे तू गाणी करतोस?"

"गाणी नाही गं आत्या. रचना. वाद्यांसाठी."

"म्हणजे बिनशब्दांची गाणी."

"तसंच काहीतरी."

"मग कुणाला कळायचं कशाबद्दल आहे ते?"

 याचं उत्तर कात्रीबाईंकडेही नसावं, असं ठोंब्याला वाटायचं.

त्या दिवशी आत्याच्या गाडीत एका शाळेच्या मुख्याध्यापिका शिकत होत्या. त्या लायसन्सच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेल्या, त्यामुळे आत्याचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला. सिग्नलला गाडी थांबली आणि आत्याचं वाक्य मध्येच तुटलं. मुख्याध्यापिकाबाईंना आधी वाटलं, आपण पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केलं म्हणून या गप्प झाल्या. मग त्यांनी वळून पाहिलं. आत्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. बाईंनी हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि गाडी थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये.

"त्यांनी बदला म्हणून सांगितलंच नाही," त्या नंतर ठोंब्याला रडत रडत सांगत होत्या, "मग मी बदलला नाही."

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत पोचल्यामुळे जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढायला लागला आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. डोळे पूर्वीसारखेच धारदार. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर यायचा: "तर." चहा हवा असला तरी "तर", नको असला तरी "तर". राग आला की "तर तर तर तर!" ठोंब्याचे वडील आले, पलंगाशी बसले, बहिणीचं "तर" ऐकून डोळे पुसत राहिले आणि सुट्टी संपल्यावर परत गेले. आई महिनाभर राहून गेली. मग घरात आत्या, भाचा आणि दिवसा येणारी एक मदतनीस बाई एवढेच उरले.

पहिल्यांदा काय झालं ते त्या मदतनीस बाईंनीच पाहिलं. टीव्हीवर घराच्या रंगाची एक जाहिरात लागायची. तिला एक उडती चाल होती: भिंत म्हणाली भिंतीला, आज नवी मी दिसते का? ठोंब्याला ती ऐकली की दात आंबायचे. तर ती जाहिरात सुरू झाली आणि आत्याने खुर्चीत बसल्या बसल्या ती गायली. अख्खी. शब्दांसकट.

"दादा!" बाई ओरडल्या. "आत्याबाई बोलल्या!"

ठोंब्या धावत आला. "आत्या, बोल. काय म्हणालीस?"

"तर," आत्या म्हणाली आणि तिचे डोळे पाण्याने भरले.

स्पीच थेरपिस्ट ही एक तरुण, चुळबुळी बाई होती. कायम एका पायावर उभी असल्यासारखी. तिला यात नवल वाटलं नाही. बोलणं मेंदूच्या ज्या भागातून येतं तो दुखावलाय, ती म्हणाली, पण गाण्याची वाट वेगळी आहे, ती शाबूत आहे. तेव्हा रोज लागणारी वाक्यं घ्यायची आणि त्यांना चाल लावायची. साधी, बोलण्याच्या जवळची. म्हणताना डाव्या हाताने ठेका धरायचा. एकदा वाक्य त्या वाटेने यायला लागलं की पुढे चाल हळूहळू काढून घेता येते. "तुम्ही काय करता?" तिने ठोंब्याला विचारलं.

"संगीतरचना शिकतो. शेवटचं वर्ष."

"अरे वा! मग माझं निम्मं काम झालं की."

ठोंब्यालाही तसंच वाटलं. त्याने "पाणी दे" हे वाक्य घेतलं आणि त्याच्यावर एक सकाळ घालवली. "णी" वर एक छोटीशी मुरकी, मग एक अनपेक्षित उडी आणि "दे" वर अलगद उतरणं. आत्यासमोर बसून, तिचा डावा हात हातात घेऊन त्याने ते गाऊन दाखवलं. आत्याने ऐकलं. तोंड उघडलं. मुरकीपाशी जीभ अडखळली आणि "तर" बाहेर पडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौथ्यांदा तिने मांडीवरची उशी उचलून त्याच्या अंगावर फेकली.

मग त्याने मुरकी काढली. उडीही काढली. उरले दोन सूर, एक खालचा आणि एक वरचा, आणि त्यांत काही रचना म्हणावी असं उरलं नव्हतं. आत्याने हाताने ठेका धरला आणि गायली, "पा... णी... दे."

तो पेला घेऊन आला तर तिला पाणी नकोच होतं. तिने पेला खिडकीतल्या कुंडीत रिता केला आणि पुन्हा गायली, "पा... णी... दे." त्या दुपारी कुंडीतलं रोप जवळजवळ बुडालं.

यानंतर ठोंब्या घरी परतला की रोज एक नवं वाक्य. "खिडकी लाव." "दिवा लाव." "बस झालं." "फोन कुणाचा?" काम सोपं वाटलं होतं, ते तसं नव्हतं. दोन चाली एकसारख्या झाल्या की आत्याच्या तोंडी गोंधळ व्हायचा. खिडकी लावायला सांगायची आणि दिवा लागला की चिडायची. म्हणजे प्रत्येक चाल दुसरीपेक्षा वेगळी हवी, पहिल्याच सुराला ओळखू यायला हवी, आणि वेगळेपणाला जागा केवढी, तर बसल्या जागी, धाप न लागता, सहज निघतील एवढ्याच सुरांची. विद्यापीठात त्याच्या हाताशी चार वाद्यं आणि त्यांचे सगळे सूर होते. तिथे त्याला कधी इतका विचार करावा लागला नव्हता. बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, नळाखाली हात धरून तो ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणून बघायचा. कॅन्टीनवाल्याला वाटलं, पोरगं कुणाच्या तरी प्रेमात पडलंय.

वरच्या मजल्यावरचं कुटुंब दुपारी खुर्च्या ओढायचं. पूर्वी आत्या गॅलरीत जाऊन वर तोंड करून दोन शब्द सुनवायची आणि आठवडाभर शांतता नांदायची. आता नुसतं छताकडे बघत बसावं लागायचं. एका दुपारी तिने डाव्या हाताने छताकडे बोट दाखवलं आणि हवेत काहीतरी ओढल्यासारखं केलं.

"पंखा लावू?"

आत्याने कपाळावर हात मारला.

"मग? वरचे लोक? बरं. खुर्च्या हळू सरकवा?"

तिने नाक मुरडलं.

"खुर्च्या ओढू नका?"

बोटाने खूण केली, अजून.

"खुर्च्या ओढू नका हो... मेल्यांनो?"

आत्या हसली. उजवी बाजू अजून उचलत नव्हती, त्यामुळे अर्धीच हसली, पण ते अर्धं मन भरून होतं.

ठोंब्याने चाल लावली. पहिल्या शब्दांवर चढत जाणारी आणि "मेल्यांनो" वर नीट खाली उतरून संपणारी. रचना संपली हे ऐकणाऱ्याला कळायला हवं, हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आत्याने खुर्ची गॅलरीत न्यायला लावली, वर पाहिलं आणि गायली. शेवटच्या सुरावर मात्र ती उतरलीच नाही, वरच्या वर सोडून दिलं. ठोंब्याने दुरुस्ती केली. तिने पुन्हा तसंच म्हटलं. तो तिसऱ्यांदा सांगायला गेला आणि थांबला. खाली उतरलं की शिवी विनंतीसारखी ऐकू येत होती. वर सोडली की ती लागत होती. वरच्या मजल्यावरून एक बाई डोकावली, चक्क "सॉरी हं" म्हणाली आणि आत गेली.

चार वाद्यांच्या रचनेचं एक पानही पुढे सरकलं नव्हतं. कात्रीबाईंनी बोलावून घेतलं तेव्हा ठोंब्याने कारण म्हणून आत्याची हकीकत सांगितली, कोरडेपणाने, रजेच्या अर्जासारखी. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"म्हणून दाखव."

"काय?"

"ती वाक्यं. म्हण."

त्याने म्हणून दाखवली. पाणी, खिडकी, दिवा, खुर्च्या. बाई खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेली घाई होती.

"हेच सादर कर. आत्यांना स्टेजवर बसव, भोवती चार वादक. त्या म्हणतील, वाद्यं उत्तर देतील. त्यांना यायला जमणार नसेल तर आवाज रेकॉर्ड कर. ऐकतोयस का? गेल्या कित्येक वर्षांत या इमारतीत कुणी इतकं खरं काही आणलेलं नाही."

"आणि आधीची पानं?"

"रद्दीत."

ठोंब्या बसने घरी निघाला. खोटं कशाला बोला, त्याला सगळं दिसायला लागलं होतं: मंद दिवे, मधोमध आत्या, शेवटची शांतता आणि मग टाळ्या. रांगेत उभे राहून हात मिळवणारे लोकही दिसले. आत्यालाही आवडेल, तो स्वतःला समजावत होता. तिला चारचौघांत बोलायला आवडतंच.

घरी आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. बाईंचं वाक्यही सांगितलं, "इतकं खरं काही" वगैरे. आत्या ऐकत होती. मग तिने डावा तळहात खुर्चीच्या हातावर आपटायला सुरुवात केली. त्याने ठेका ओळखला, खुर्च्यांचा होता. त्याने छताकडे पाहिलं. वर तर काही आवाज नव्हता. आत्याची नजर त्याच्यावर होती.

"म... ला... ओढू नका हो, मेल्यांनो."

शेवट वरच्या वर.

 मदतनीस बाई स्वयंपाकघराच्या दारात ओला हात तसाच धरून उभ्या राहिल्या. हे वाक्य आत्याला कुणी शिकवलं नव्हतं. चाल त्याची होती, शब्द तिचे.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला हे कळलं तेव्हा तिने ठोंब्याचे दोन्ही दंड धरून त्याला हलवलं. "शब्द बदलला त्यांनी! स्वतःहून! तुम्हाला कळतंय का केवढी गोष्ट आहे ही?"

"कळतंय," ठोंब्या म्हणाला. "मला 'नाही' म्हणाली ती."

कात्रीबाईंनी नकार ऐकला आणि क्षणभरही न दवडता दुसरा मार्ग काढला. आत्या नकोत तर नकोत, चाली तर तुझ्या आहेत ना? त्याच चार वाद्यांवर घे. यात ठोंब्यालाही गैर दिसलं नाही. त्याने आठवडाभर बसून ते लिहिलं आणि वादक मुलांना वाजवायला दिलं. त्यांनी छान वाजवलं. दुसऱ्या व्हायोलिनवरची मुलगी वाद्य मांडीवर ठेवत म्हणाली, "किती गोड आहे रे!"

तो शब्द त्याला बरोबर वाटला आणि म्हणूनच बोचला. व्हायोलिनला तहान लागत नव्हती. तिला "दिवा" आणि "खिडकी" यांत गोंधळायची भीती नव्हती. चाली तिथे जाऊन नुसत्या गोंडस झाल्या होत्या, दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे घातलेल्या मुलांसारख्या. त्याने वादकांकडून कागद परत घेतले.

मग तो जुन्या रचनेकडे वळला. कात्रीबाईंनी कधी मारल्या नव्हत्या त्या रेघा या वेळी त्याने स्वतः मारल्या. निम्मी पानं गेली. उरलेलं नीट जुळवलं, शेवट मोकळा सोडला आणि सादर केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांपैकी एकाला मधल्या भागात जांभई आवरली नाही. दुसऱ्याने शेरा दिला की रचना कुठे संपते ते कळत नाही. ठोंब्या दुसऱ्या वर्गात पास झाला.

निकालानंतर कात्रीबाई जिन्यात भेटल्या.

"आता चुका होत्या त्यात," त्या म्हणाल्या. "बऱ्याच."

"हो, मॅडम."

"ते दुसरं केलं असतंस तर आज तुझं नाव झालं असतं. मी तुझ्या जागी असते तर आत्यांना विचारलंच नसतं."

"माहितीये," ठोंब्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बाईंनाही तो अपेक्षित नसावा. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या वर निघून गेल्या.

आत्याची सुधारणा हळूहळू होत गेली. आधी वाक्यं वाढली, मग चाली झिजायला लागल्या. खालचा आणि वरचा सूर एकमेकांजवळ सरकत सरकत एक झाले. एका सकाळी ठोंब्या दाढी करत होता आणि आतून आवाज आला, "पाणी दे रे." सपाट, घाईतला, कुठल्याही घरातून येतो तसा. आरशासमोर तो थोडा थांबला. मग त्याने तोंड पुसलं आणि पाणी दिलं.

"आत्या, हे आधी कसं म्हणायचीस आठवतंय?"

"कसं... म्हणजे?"

त्याने चाल म्हणून दाखवली. आत्याने कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

"छे," ती म्हणाली. "मी कशाला... असं... रडकं म्हणेन?"

गाडीत ती पुन्हा बसली नाही. स्कूल तिने आपल्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलीकडे सोपवलं आणि स्वतः ऑफिसात टेबलाशी बसायला लागली. शब्द अजून अडत, जोडाक्षरं हुलकावणी देत, पण नव्याने नाव घालायला आलेल्या माणसाला घाम फोडायला तेवढे पुरत. एखाद्या वाक्यावर फारच अडली तर तळहात टेबलावर टेकायची, मनातल्या मनात काहीतरी मोजायची आणि वाक्य बाहेर काढायची. कुठली चाल मोजते ते ठोंब्याने विचारलं नाही.

थेरपिस्टने त्याला आपल्या केंद्रात बोलावलं ते त्याच सुमारास. पगार म्हणावा असा नव्हता, पण दुसरीकडून कुठून बोलावणंही नव्हतं. पहिल्या वर्षात त्याच्या चाली काहींना लागू पडल्या, काहींना अजिबात नाही. एका निवृत्त न्यायाधीशांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. एका बाईंच्या सगळ्या वाक्यांना त्याने चाली लावल्या आणि त्या फक्त एकच म्हणायला शिकल्या, "हे कोण?" हे सगळं तो संध्याकाळी आत्याला सांगायचा आणि आत्या न्यायाधीशांची बाजू घ्यायची.

मग एक म्हातारे शिंपी आले. मोठं दुकान होतं त्यांचं, घर भरलेलं. मुलगा, सून, दोन मुली, जावई असे सगळे त्यांच्याबरोबर खोलीत आले आणि सगळे एकदम बोलायला लागले. बाबांना जेवण म्हणायला शिकवा. बाबांना आमची नावं शिकवा. बाबांना कुठे दुखतं ते सांगता यायला हवं. शिंपीबाबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांच्या तोंडून एकही शब्द येत नव्हता, "तर" एवढाही नाही.

ठोंब्या त्यांच्यासमोर खाली बसला. "तुम्हाला कुठलं वाक्य हवंय?" त्याने विचारलं. घरच्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यांना त्याने हाताने थांबवलं. मग तो एकेक वाक्य म्हणत गेला. भूक लागली? नाही. बाहेर जायचंय? नाही. दुखतंय? नाही. बराच वेळ गेला. शेवटी तो म्हणाला, "मला जरा एकटं सोडा?"

म्हाताऱ्याने मान वर केली.

सुनेचा चेहरा उतरला.  ठोंब्याने दोन सुरांत चाल लावली. म्हाताऱ्याचा डावा हात हातात घेऊन ठेका धरला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पुढच्या आठवड्यात आले तेव्हाही तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात शिंपीबाबांनी ओठ ओले केले, तळहात मांडीवर आपटला आणि फाटक्या, खोल आवाजात गायलं, "म-ला... ज-रा... ए-क-टं... सो-डा."

धाकटी मुलगी रडायला लागली. मग आधी जावई उठला, त्याच्यामागे एकेक करून सगळे बाहेर गेले. ठोंब्याही गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. बाहेर बाकावर घरचे लोक एकमेकांशी न बोलता बसले होते. ठोंब्या भिंतीला टेकून उभा राहिला. "एकटं" वरचा सूर म्हाताऱ्याच्या गळ्याला थोडा उंच पडत होता. पुढच्या वेळी तो खाली घ्यायला हवा.